खोटं बोलणारा डबा

आमच्या घरात खिळ्याला दोन याद्या टांगलेल्या असतात. एकीवर ‘काय आहे’ आणि दुसरीवर ‘काय करायचं’. ‘काय नाही’ अशी तिसरी यादी मी कधी केली नाही. ती करून घरात काही येत नाही, नुसता कागद संपतो. कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरचं पान. महिना उलटला की मागची कोरी बाजू माझी.

ही सवय माहेरची. धाड गावाला आमचा भाजीचा मळा होता. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी वडील सांगायचे, वांग्याच्या पाट्या किती, मेथीच्या जुड्या किती, गाडीत आधी काय चढवायचं, आणि मी लिहून घ्यायची. सातवी शिकलेली घरात मी एकटी, त्यामुळे ते काम आपोआप माझ्याकडे आलं. लग्न होऊन नांदुऱ्याला आले तेव्हा भांड्यांबरोबर ही सवयही आली.

त्या लाल ज्वारीच्या वर्षी तुमचं कसं निभावलं, असं नव्या शेजारणी अजून विचारतात. त्यांना वाटतं, मी धीराबद्दल नाहीतर देवाबद्दल काही सांगेन. मी सांगते, एका डब्यानं निभावलं. त्या हसतात, आणि मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आता एकदा लिहूनच टाकते, म्हणजे हे काम यादीतून खोडता येईल.

आमची गल्ली स्टेशनामागे. एका ओळीत आठ घरं आणि आठही घरांतले पुरुष कापसाच्या एकाच जिनमध्ये कामाला. कापूस आला की जिनचे रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, चालू होत, सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे, मग रुईच्या गाठी बांधून मालगाडीत. माझे यजमान तिथे फिटर. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, म्हणून मीही इथे मिस्त्रीच लिहिते. बाकीच्यांना कामावर बोलावणं यायचं दिवाळीनंतर, पण मिस्त्रींना भाद्रपदातच. सहा महिने बंद पडलेले रेचे खोलायचे, घासायचे, तेल घालायचं, पट्टे ताणायचे. त्यामुळे मिस्त्रींच्या घरी बोलावणं आलं की गल्लीला कळायचं, यंदा जीन चालणार.

त्या वर्षी भाद्रपद लागला, अर्धा संपला, बोलावणं आलं नाही.

सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. शेतात कपाशी गुडघ्याएवढीसुद्धा झाली नव्हती. गल्लीतली माणसं मिळेल ते करत होती, कुणी मालगाडीच्या धक्क्यावर हमाली, कुणी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. रेशनवर लाल ज्वारी मिळायची, परदेशातून बोटीनं आलेली. तिची भाकर थापली की कडेला फाटायची आणि तव्यावर उलथताना तिचे दोन तुकडे व्हायचे. कढत पाण्यात पीठ भिजवून थोडा वेळ झाकून ठेवलं तर जरा धरते, हे मी चौथ्या दिवशी शोधून काढलं आणि साती घरी सांगून आले. तेवढ्यावरही बायका खूष झाल्या. साखर बघायला मिळत नव्हती. गूळ होता.

मिस्त्री मात्र खडी फोडायला गेले नाहीत. मीही जा म्हटलं नाही. रोज सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते बाजेवर बसायचे, दाराकडे तोंड करून. जिनचा माणूस आला तर आपण तयार असावं म्हणून. दुपारपर्यंत तसेच. मग सदरा काढून खुंटीला लावायचे. आठ दिवस ते पाहिलं आणि मी त्यांच्याकडे पाहायचं सोडलं.

त्यातच अहमदाबादहून चुलत दिराचं कार्ड आलं. तो तिकडे कापडगिरणीत होता. लिहिलं होतं, कोजागिरी झाली की निघून या, काम मिळतं, खोलीत सात जण आहोत, आठवा मावेल.

मिस्त्रींनी कार्ड दोनदा वाचलं. “दसऱ्याले जिनमंधी मशिनीची पूजा असते,” ते म्हणाले. “तवा शेठ काय सांगते ते पाहू. नाई म्हनलं त कोजागिरीनंतरची गाडी.”

“अन् आम्ही?” मी विचारलं.

“तू करजो ना यादी,” ते म्हणाले. टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटायचं की माझ्या यादीत सगळ्याची सोय असते.

मी यादी केली. मिस्त्री – अहमदाबाद. पोरगी – धाड, मामाकडे. शाळेचा दाखला काढणे. मी – धाड, मळ्यात काम. खोली – सोडणे. बकरी – शेजारच्या वहिनींना देणे. मोठं पातेलं – वहिनींकडे ठेवणे. पाच मिनिटांत झाली. आजवर मी केलेल्या याद्यांत सगळ्यात नीटनेटकी तीच असेल. आणि सवयीनं, काही विचार न करता, मी ती दुसऱ्या दोघींच्या मागे खिळ्याला अडकवली.

ही माझी चूक. पोरगी दहा वर्षांची होती आणि तिला वाचता येत होतं.

संध्याकाळी मी भाकरी करत होते. ती येऊन चुलीजवळ बसली आणि म्हणाली, “माय, धाडले भुलाबाई बसते का?”

“बसते ना.”

“तिथल्या पोरी मले घेतीन का?”

माझा हात परातीतच राहिला. मी म्हटलं, घेतील, का नाही घेणार. ती बरं म्हणाली आणि बकरीला पाला टाकायला उठून गेली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

भुलाबाईचं आमच्याकडे असं असतं. भाद्रपदातल्या पुनवेला मातीची भुलाबाई आणि भुलोजी मांडतात, ते कोजागिरीपर्यंत महिनाभर बसतात. रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी जमून टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात. आमच्या गल्लीत एकेका दिवशी एकेका घरी जायची रीत होती. गाणी झाली की त्या घरची बाई झाकणाचा डबा घेऊन येते. त्यात खिरापत असते, म्हणजे खाऊ. डबा तीनदा वाजवायचा, आणि आवाजावरून पोरींनी आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं तर पोरी जिंकल्या. नाही ओळखता आलं तर साऱ्यांनी एका सुरात ‘हरलो’ म्हणायचं आणि जास्तीचं एक गाणं म्हणायचं. खाऊ दोन्हीकडून मिळतोच. पण बायकांची सगळी हौस असते ती पोरींना हरवण्यात.

त्या वर्षी बसवायची की नाही, यावरच आधी बोलणं झालं. शेजारच्या वहिनी, ज्यांना यादीत मी बकरी देऊन टाकली होती, त्या म्हणाल्या, “खिरापतीले काय देसान व बाई? लाल ज्वारीच्या लाह्या?”

“लाह्या तर लाह्या,” मी म्हटलं. “त्या आहेत ना?”

“आहेत, आहेत. तुह्या यादीत समदंच आहे.”

बसवली. मी आठ घरांच्या पाळ्या लिहून दिल्या. पहिल्या घरी लाह्या निघाल्या. दुसऱ्या घरी लाह्या. तिसऱ्या दिवशी डबा बाहेर यायच्या आधीच पोरी ओरडल्या, “लाह्या!” चौथ्या दिवशी तर कुणी ओरडलंसुद्धा नाही. एकीनं जांभई दिली. त्या घरच्या बाईचं तोंड एवढंसं झालं. तिनं लाह्यांना हळद-मीठ लावून आणलं होतं, पण ते आवाजात थोडंच कळतं?

पाचवी पाळी आमची होती. त्या सकाळी पोरगी मिस्त्रींसमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, मले असा डबा करून द्या का कोनाले वळखूच नाई आलं पाह्यजे.”

“जा, खेळ जाऊन.”

“द्या ना करून. या सालीच पाह्यजे.”

‘या सालीच’ का, ते मला कळलं. मिस्त्रींना कळलं नाही. ते एकदम तडकले. “घरात खायले नाई अन् तुले डबे सुचून राह्यले?”

“खायले आहे,” पोरगी म्हणाली. तिनं खिळ्याकडे बोट केलं. “मायच्या यादीत आहे. ज्वारी आहे, गूळ आहे, चिंच आहे, मिरच्या आहेत, अंबाडी आहे. बकरीचं दूध आहे, पन थोडंसंच.”

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. मग यादीकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांनी ती यादी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. ते उठले, धुतलेला सदरा काढून खुंटीला लावला, तेव्हा सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते, आणि बनियनवर मागच्या अंगणात गेले.

तुळशीमागे वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा पडला होता. त्याच्या आत बसेल असा एक लहान डबा त्यांनी शोधला. जिनमधून आणलेल्या जुन्या रुईची एक उशी होती. ती उसवून दोन डब्यांच्या मधल्या जागेत त्यांनी रुई ठासून भरली. म्हणजे आतल्या डब्यात काहीही ठेवलं तरी आवाज बाहेर येणार नाही. मग मोठ्या डब्याच्या बुडाशी त्यांनी पत्र्याची एक पन्हळ बसवली, दोन्ही तोंडं बंद, आणि तिच्यात पाच चिंचोके. कथलाचा डाग लावून पक्कं केलं. मग डबा कानाशी धरून हलवला. चिंचोके खडखडले. त्यांना पटलं नाही. पन्हळ काढली, पाचाचे तीन केले, पुन्हा डाग लावला, पुन्हा कान.

रेचा बिघडला की नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं, कुठे काय ढिलं झालंय. आता त्याच कानानं ते एक आवाज मुद्दाम फसवा करत होते. दुपारी जेवायला दोनदा हाक मारावी लागली. जीन बंद झाल्यापासून असं पहिल्यांदाच झालं.

मी लाल ज्वारीच्या शिळ्या भाकरी कुस्करून गूळ घालून मलिदा केला. गच्च दाबून आतल्या डब्यात भरला.

संध्याकाळी गाणी झाली. मी डबा आणला, एकदा हलवला. पोरींचे कान टवकारले. लाह्यांचा आवाज तो नव्हे.

“फुटाने!”

“नाई.”

“शेंगदाने! खारका!”

“नाई, नाई.”

वहिनींची पोरगी गल्लीत सगळ्यात हुशार. तिनं डबा स्वतःच्या हातात मागून घेतला, डोळे मिटून हलवला आणि निकाल दिला, “चिंचोके.”

“चिंचोके कोन खाते बे?” आमची पोरगी म्हणाली. सगळ्या खिदळल्या. मग बोरं झाली, सुपारी झाली, वाटाणे झाले, एकीनं तर खडे म्हटलं. शेवटी गप्प झाल्या. तेवढ्यात आतून बाजेवरून मिस्त्रींचा आवाज आला, चांगला खणखणीत.

“हरलो म्हना!”

खिरापतीच्या खेळात पुरुषमाणूस बोलत नाही. पोरी एकमेकींकडे पाहून तोंडावर हात ठेवून हसल्या आणि मग ओरडल्या, “हरलोऽऽ!” मी झाकण काढलं. मलिदा पाहून वहिनी उंबऱ्यातून म्हणाल्या, “मिस्त्री, हा डबा त लय खोटारडा निंघाला बापा!”

दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनी डबा मागायला आल्या. संध्याकाळी त्यांनी त्यात काय घालावं? लाह्याच. पोरींनी पंचवीस नावं घेतली, एक लाह्यांचं सोडून. लाह्या इतक्या चवीनं खाल्लेल्या मी आधी कधी पाहिल्या नव्हत्या. तिथून पुढे डबा घरोघर फिरला. मी पाळीच्या कागदावर डब्याचाही रकाना आखला. त्या महिन्यात कुणी कुणाला आनंदात राहा वगैरे सांगितलं नाही. तशी सवडही नव्हती. बायका दिवसभर याच विचारात, की असं काय करावं जे पोरींच्या ध्यानीमनी नसेल. अंबाडीच्या पाल्याच्या वड्या झाल्या. भोपळ्याच्या बिया सोलून झाल्या. एकीनं कैरीच्या लोणच्याची एकेक फोड दिली आणि ती सगळ्यात जास्त गाजली.

असंच एक दिवस वहिनी बादली घेऊन आल्या. बादलीचं बूड गंजून गळून गेलं होतं.

“मिस्त्री, डबा जमते त बादली काऊन नाई जमत?”

मिस्त्रींचा चेहरा बदलला. “वहिनी, मी जिनचा फिटर हावो. बादल्याचे बूडं बसवनारा नाई.”

“मी कुठं म्हनते तुम्ही बूडवाले हा म्हनून? माही बादली फुटली, एवढंच म्हनते.” त्या बादली ठेवून गेल्याच.

बोलून मिस्त्री ऐकत नाहीत, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षी कळलं होतं. मी फक्त ‘काय करायचं’च्या यादीत, ‘जळण आणणे’ आणि ‘पोरीची चड्डी शिवणे’ यांच्या मध्ये, ‘बादली, बूड’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते तसंच होतं. तिसऱ्या दिवशी मागच्या अंगणाच्या दाराला आतून कडी लागली आणि ठोकण्याचा आवाज सुरू झाला. गल्लीनं पाहू नये म्हणून कडी. पण पत्रा ठोकलेला स्टेशनापर्यंत ऐकू जातो. संध्याकाळी बादली भरून ठेवली, एक थेंब गळला नाही, आणि ती ओळ मिस्त्रींनी स्वतः पेन्सिलनं खोडली.

वहिनींनी पायलीभर तूर आणून दिली. मिस्त्री नको म्हणाले. वहिनी म्हणाल्या, “मंग बादली वापस घ्या.” तूर राहिली. लोकांना नव्या बादल्या परवडत नव्हत्या आणि जुन्या तर सगळ्यांच्याच गळत होत्या. मागच्या दारानं एक पाणी तापवायचं पिंप आलं, एक कंदील आला. मिस्त्री काम करायचे, पण कडी लावूनच. आणि कुणी पुढच्या दारानं आलं तर बाजेवर येऊन बसायचे, सदरा घालून.

दसऱ्याला ते जिनमध्ये गेले. पूजा झाली, नारळ फुटला. मुनीमजींनी सगळ्यांना प्रसाद दिला आणि सांगितलं की कापूसच नाही तर रेचे कशावर चालवायचे, दिवाळीनंतर पाहू, चालले तर चालतील, आत्ता काही सांगता येत नाही. मिस्त्री परत आले, सोनं म्हणून आपट्याची पानं आमच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “अवजारं बांधून ठेवतो. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी भुसावळची गाडी, तिथून अहमदाबाद.”

मी मान हलवली. तूर होती, दोन पायल्या ज्वारी होती, तेलही थोडं होतं. बूड बसवून महिना दोन महिने निघतील, हा हिशेब मला दिसत होता. पण मिस्त्रींना तो दिसत नव्हता; त्यांना दिसत होती ती लावलेली कडी. माणसाला तू स्वतःला कमी समजू नकोस, हे कोणत्या यादीत लिहायचं ते मला कळेना. मी खिळ्यावरची ती तिसरी, गाव सोडण्याची यादी काढून डब्यांच्या फळीवर उलटी ठेवली आणि पोरीच्या दाखल्यासाठी शाळेत जायचं एक दिवस पुढे ढकललं. मग आणखी एक दिवस. माझ्या हातून काम दोनदा पुढे गेलेलं मला तेवढंच आठवतं.

त्या चार दिवसांत पोरगी घरी कमी आणि बाहेर जास्त असायची. मला वाटलं, मैत्रिणींचा निरोप घेत असेल. मी अडवलं नाही.

कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचं मखर करून त्यात भुलाबाई ठेवतात. तो शेवटचा दिवस आमच्या घरी आला, कारण पाळ्या मीच लावल्या होत्या आणि पोरीसाठी मी तो मुद्दाम तसा आणला होता. चंद्र उगवता उगवता, दिवेलागणीला, सगळ्या पोरी जमल्या. बायकाही आल्या. गाणी झाली. मी खिरापतीचा डबा आणायला उठले, तर पोरगी म्हणाली, “माय, तू बस. आज खिरापत आमची हाय. अन् वळखायची बाबाइनं.”

“बाबा कुठं ओळखत असतात?” मी म्हटलं.

“त्या दिवशी बोलले मंग? आता वळखा म्हना.”

पोरींनी हट्टच धरला. मिस्त्री दोन वेळा नाही म्हणाले, मग बाजेवरून उठून येऊन उंबऱ्यात बसले. पोरीनं डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हलवला. चिंचोके खडखडले. स्वतःच बनवलेला खोटा आवाज ऐकून त्यांना हसू आलं.

“हा त माहाच डबा हाय. याच्यातून काय कळते?”

“नाव घ्या!”

“लाह्या.”

“नाई!”

“मलिदा. वड्या. लोनचं.” त्यांनी डबा तळहातावर तोलला. “लय हलका हाय. रिकामा हाय का व?”

“नाई! हरलो म्हना!”

“मिस्त्री, म्हना आता,” वहिनी मागून म्हणाल्या. “आम्ही महिनाभर म्हनलं.”

“हरलो,” मिस्त्री म्हणाले.

पोरीनं झाकण काढलं. आत घडी घातलेला कागद होता. कॅलेंडरचं पान, भाद्रपदाचं. मिस्त्रींनी तो उलगडून दिव्यासमोर धरला. मी त्यांच्या खांद्यावरून वाचला. माझ्यासारखंच, एका खाली एक, बारीक अक्षरात लिहिलं होतं. शेवटच्या घरातल्या काकूची बादली, बूड. कोपऱ्यावरची काकू, चाळणी. शाळेतली पाण्याची टाकी, तोटी गळते. स्टेशनातल्या पानवाल्याचा कंदील. पिठाच्या गिरणीची सुपली. असं एकोणीस. मागच्या चार दिवसांत ती स्टेशनापासून शाळेपर्यंत दारोदार विचारून आली होती. आणि खाली, माझ्या त्या तिसऱ्या यादीत ‘मिस्त्री – अहमदाबाद’ होतं त्याच धर्तीवर, लिहिलं होतं: बाबा – हे झाल्यावर अहमदाबाद.

वहिनी पदरानं गुपचूप नाक पुसत होत्या, ते त्यांना कधी जमत नाही, आवाज होतोच.

मिस्त्रींनी यादी वरून खाली वाचली, मग पुन्हा वरून. बोटानं मोजलं. “शाळेची टाकी म्हंजे दोन दिवस,” ते हळूच म्हणाले, स्वतःशीच. “मोठी हाय ते.” मग थोड्या वेळानं, “याले त दिवाळी उलटून जाईन.”

“जाऊ द्या ना मंग,” पोरगी म्हणाली.

“मास्तर काय म्हनले? टाकीसाठी?”

“म्हनले, मिस्त्री येतीन का? तेच असले त आम्ही दुसऱ्या कोनाले बोलावत नाई.”

मिस्त्रींनी कागदाची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मी वाट पाहत होते. ते पोरीकडे पाहून म्हणाले, “चाळनीचा पत्रा भेटते का पाहा लागीन. उद्या बाजारात जातो.”

उद्याची गाडी भुसावळची होती. बाजार म्हटलं म्हणजे गाडी नाही. एवढं समजायला मला जरा वेळ लागला. मी तिथेच पोरींच्या मध्ये खाली बसले. कितीतरी दिवसांत मी तशी, हातात काही काम नसताना, बसले नव्हते. पोरींना वाटलं मी गाणं म्हणायला बसले. त्यांनी हरल्याचं जास्तीचं गाणं सुरू केलं, मिस्त्रींच्या वाटणीचं.

मग मी उठले, मिस्त्रींकडून यादी मागून घेतली, आणि पेन्सिलनं खाली विसावी ओळ लिहिली. आमची स्वतःची परात. एका बाजूनं चिरली होती, आणि पोरगी सगळं गाव फिरली पण घरचंच लिहायला विसरली होती. तिसरी यादी, फळीवरची, मी दुसऱ्या दिवशी चुलीत घातली. अहमदाबादला कार्ड पाठवलं, सध्या येणं होत नाही, आठव्याची जागा दुसऱ्या कुणाला द्या.

कडी त्यानंतर लागली नाही. मिस्त्री पुढच्या ओट्यावर बसू लागले, बनियनवर, पत्र्याची कात्री आणि डाग लावायचं सामान पसरून. जाणारे-येणारे राम राम करत. शाळेच्या टाकीला तीन दिवस लागले. एकोणीसचे पुढे चाळीस झाले, मग मी मोजणं सोडलं आणि फक्त आजचं काय ते लिहायला लागले.

मार्गशीर्षात एका सकाळी जिनचा भोंगा वाजला. अर्ध्या रेच्यांपुरताच हंगाम होता, तोही दोन महिन्यांचा, पण वाजला. गल्लीतली माणसं घरांतून बाहेर पळत आली. जिनचा माणूस आमच्या ओट्याशी आला आणि म्हणाला, “चला मिस्त्री, शेठनं बोलावलं, लवकर.”

मिस्त्रींच्या मांडीवर एक बादली उलटी होती, बूड अर्धं बसवलेलं.

“एवढं बूड होऊ द्या,” ते म्हणाले. “तवर बसा. च्या घ्या.”

मी चहा ठेवला. गूळ होता.